मोटारीचे हादरे आणि स्ट्रटची निवड

माझ्या ओळखीचे एक गुरुजी डोंबिवलीला राहतात आणि मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतात. रोजचं जाणंयेणं स्वतःच्या छोट्या मोटारीतून. मोटार दुसऱ्याच्या हातची, पण इंजिन ठणठणीत. बरोबर शाळेतलेच तिघे जण असतात आणि पेट्रोलचा खर्च चौघांत वाटला जातो. शहाडचा पूल, म्हारळ, रायते, गोवेली असा तो कल्याण-नगर रस्ता. ज्यांनी तो पावसाळ्यात पाहिला आहे त्यांना त्याचं वर्णन सांगायला नको.

या गाडीला पुढून हादरे बसू लागले. गुरुजी एका गॅरेजात गेले. मिस्त्रीने गाडीवर हात ठेवला न ठेवला तोच निदान केलं. "गुरुजी, पुढचे शॉकअप गेले. आता नेहमीचे टाकूच नका, हेवी टाका. दहा वर्षं बघायला नको." गुरुजींनी पगारातून पैसे बाजूला काढून पुढचे दोन्ही स्ट्रट 'हेवी' बसवून घेतले. घरी परत येतानाच त्यांच्या लक्षात आलं की हादरे कमी व्हायच्या ऐवजी वाढले आहेत. नवीन आहेत, बसतील जागेवर, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. पुढे पंधरा दिवसांनी, पाऊस पडत असताना, रायत्याच्या पुढे एका उखडलेल्या तुकड्यावर म्हैस आडवी आली. गुरुजींनी ब्रेक दाबला. गाडीचा मागचा भाग करडासारखा टणाटण उडाला, आडवा सरकला आणि गाडी रस्त्याच्या कडेला, एक चाक साइडपट्टीखाली उतरवून उभी राहिली. कोणाला लागलं नाही. म्हैस शांतपणे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला विचारलं, "पैसे घालून नवे स्ट्रट बसवले, तरी असं का व्हावं?" उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. तेच आज जरा नीट लावून तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्याकडे मोटार असेल, जीप असेल किंवा नुसती मोटारसायकल असेल, गोष्ट एकच आहे.

आधी बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. बैलगाडीचं चाक दगडावर चढलं की गाडी चढते, गाडीवान चढतो आणि त्याच्या पोटातलं जेवणही चढतं. मध्ये मऊ असं काही नसतं. टांग्याला खाली लोखंडी पाटे आले, आणि चाक वर गेलं तरी बैठक तितकी वर जाईना. ट्रकवाले ज्याला कमानपाटा म्हणतात तो हाच. छोट्या मोटारीत पाट्याच्या जागी वेटोळ्याची स्प्रिंग आली, पण काम तेच: गाडीचं वजन पेलायचं, आणि चाक वर आलं की स्वतः दबून धक्का पोटात घ्यायचा.

इथवर सगळ्यांना पटतं. पुढची गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. स्प्रिंग धक्का पोटात घेते, पण तो पचवत नाही. जेवढा घेतला तेवढा जवळजवळ सगळा परत देते. ओटीवरचा झोपाळा एकदा ढकलून सोडून द्या, किती वेळ हलत राहतो पाहा. नुसत्या स्प्रिंगवर ठेवलेली मोटार तशीच खालीवर होत राहील. साधारण मोटारीचा हा झोका सेकंदाला एक ते दीड असतो. आपल्या चालण्याच्या तालाच्या तो जवळपास असल्यामुळे शरीराला फारसा जाचत नाही. पण एक झोका विरायच्या आत दुसरा खड्डा आला, तिसरा आला, की झोके एकमेकांत मिसळून वाढत जातात. झोपाळ्यावर बसलेल्या पोराला बरोबर वेळ साधून बोटाने ढकललं तरी झोका चढत जातो, तसंच.

याचा हिशेब करून पाहायचा असेल तर काँक्रीटचा रस्ता उत्तम. कल्याण-शीळ रस्त्यावरून जाताना सांध्यांचा टक्‌-टक् आवाज तुम्ही ऐकला असेल. अशा रस्त्यात साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. ताशी वीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. म्हणजे त्या वेगाने गाडीला सेकंदाला सुमारे सव्वा टोला बसतो, आणि गाडीचा स्वतःचा झोकाही जवळजवळ तेवढाच! सांधे वरखाली झालेले असले आणि शॉकअप थकलेले असले, तर वीसच्या वेगाने गाडी होडीसारखी डुलते आणि चाळीसला गेली की सुधारल्यासारखी वाटते. शाळेत दोलन शिकवताना हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. लंबकापेक्षा मुलांना तो लवकर कळतो असा माझा अनुभव आहे.

हा झोका मारण्यासाठी जे यंत्र असतं त्याला आपण शॉकअप म्हणतो. शॉक ॲबसॉर्बर, म्हणजे धक्का शोषणारा, हे त्याचं मूळ नाव. नाव चुकीचं आहे. धक्का घेते स्प्रिंग. हे यंत्र घेतलेला धक्का जिरवतं. इंग्लंडमध्ये त्याला 'डॅम्पर' म्हणतात, ते जास्त खरं.

आत काय असतं? होळीची पिचकारी आठवा. दट्ट्या सावकाश ढकलला तर पाणी सहज बाहेर येतं. घाईने ढकलायला गेलं तर हाताला जोर लागतो, कारण भोक बारीक आणि पाणी फार. शॉकअप ही तोंड बंद केलेली पिचकारी आहे. नळीत तेल असतं, दट्ट्याला बारीक भोकं असतात आणि भोकांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा. चाक वरखाली झालं की दट्ट्या तेलात सरकतो आणि तेलाला भोकांतून घुसावं लागतं. जितक्या वेगाने ढकलाल तितका विरोध जास्त. घासून घासून झोक्याची ताकद उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावरून तासभर आलेल्या मोटारसायकलच्या शॉकअपला बोट लावून पाहा, गरम लागेल (जपून, सायलेन्सर जवळच असतो). तेलात फेस झाला तर विरोध नाहीसा होतो, म्हणून पुष्कळ शॉकअपमध्ये आता नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो. दुकानात 'गॅसवाला' म्हणतात तो हा. त्यातला वायू गाडीला मऊ करण्यासाठी आहे, ही समजूत खोटी.

आणखी एक युक्ती असते. बहुतेक शॉकअप दबताना सैल आणि ताणले जाताना घट्ट असतात. खड्ड्याच्या कडेवर चाक चढतं तेव्हा त्याला पटकन वर येऊ द्यायचं, म्हणजे आत बसलेल्याला टोला बसत नाही. मग दबलेली स्प्रिंग जेव्हा उसळून परत यायला बघते, तेव्हा तिला सावकाश सोडायचं. विहिरीत पोहरा सोडताना दोर हातातून एकदम सोडत नाहीत ना, तसं.

आता गुरुजींच्या गाडीकडे वळू. वर सांगितला तो झाला गाडीच्या अंगाचा झोका. चाकाचा स्वतःचाही एक झोका असतो, आणि तो पुष्कळ जलद, सेकंदाला दहा-पंधरा. टायर रबराचा, हवा भरलेला, म्हणजे तोही चेंडूच. शॉकअप मेला असेल तर उखडलेल्या रस्त्यावर चाक चेंडूसारखं टणटणत राहतं. आत बसलेल्याला फक्त थरथर जाणवते. पण त्या क्षणांत टायर रस्त्याला टेकलेलाच नसतो. ब्रेक कितीही चांगला असो, तो चाक थांबवतो. गाडी थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यामधला घास. हवेत असलेल्या चाकाचा ब्रेक काय कामाचा? म्हणून शॉकअप हा आरामाचा भाग आहे असं समजून 'चालतंय तोवर चालू दे' म्हणणं बरं नाही. विशेषतः जी गाडी शाळेची मुलं नेते, तिच्या बाबतीत.

गुरुजींच्या गाडीचे मागचे शॉकअप केव्हाच संपले होते. मग ते त्यांना कळलं का नाही? कारण गुरुजी पुढे बसत. चालवणाऱ्याला पुढची चाकं कळतात. मागची चाकं कळतात मागे बसणाऱ्यांना, आणि ते बिचारे दुसऱ्याच्या गाडीत बसलेले, बोलणार कसे? त्यांच्यातल्या एका बाईंनी नंतर सांगितलं, "सर, मला तर रोज समुद्रावर गेल्यासारखं वाटायचं." तेव्हा निदान करायचं असेल तर पहिलं काम हे: एक दिवस गाडी दुसऱ्याला चालवायला द्या आणि स्वतः मागे बसा.

आणि पुढचे हादरे? ते दोन कारणांनी होते. टायरमध्ये हवा होती चाळीस पौंड. पंपावरच्या पोराने 'कितनी?' विचारलं आणि यांनी 'टाइट भर' म्हटलं! छोट्या मोटारींना ती बहुधा तीसच्या आसपास लागते. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर पुष्कळदा कागद चिकटवलेला असतो, तोच प्रमाण मानावा. दुसरं कारण, स्ट्रटच्या डोक्यावरचं रबरी माउंटिंग फाटलं होतं. मिस्त्रीने नवे स्ट्रट घातले ते त्याच फाटक्या रबराखाली. म्हणजे दोन स्ट्रट बदलले आणि दुखणं जिथल्या तिथे. वर 'हेवी' मालाने कडकपणाची भर घातली ती वेगळीच.

हादऱ्याची भाषा थोडी शिकावी लागते. रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकचा, बारीक खडीचा प्रत्येक कण बुडाला कळत असेल, पण गाडी डुलत नसेल, तर आधी टायरची हवा आणि रबरी बुश बघा. लहान खड्ड्यात 'खट्' असा कोरडा आवाज येतो तो पुष्कळदा लिंक रॉडचा किंवा माउंटिंगचा असतो, आणि ही तुलनेने स्वस्त कामं आहेत. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी एकदा खाली जाऊन वर येते आणि पुन्हा खाली जाते, वळणावर कलंडल्यासारखी होते, ब्रेक दाबला की नाक फार खाली घालते, तर मात्र शॉकअपचाच संशय घ्यावा. चार माणसं बसली की गाडी तळाला 'धाड्' आपटते, तर स्प्रिंग बसली आहे किंवा ओझं जास्त आहे. तिथे शॉकअप बदलून उपयोग नाही, कारण वजन पेलणं हे शॉकअपचं काम नव्हेच. (आपटण्याचा दोष काही वेळा गतिरोधकाचाही असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच हवा, ताशी २५ किलोमीटरने सहज पार होईल असा. गावोगावी रातोरात उभे राहतात ते गतिरोधक आपण जाणतोच.)

हातानेही तपासता येतं. गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडून द्या. वर येऊन स्थिर झाला तर ठीक, डुलत राहिला तर शॉकअप संपला. ही परीक्षा नापास करते तेव्हा खरी समजावी. पास केलं तर मात्र पूर्ण विश्वास ठेवू नये, कारण अर्धवट थकलेला शॉकअपही हाताच्या दाबाला पुरून उरतो. मग खाली वाकून नळी पाहा. धूळ बसलेला तेलाचा पुसट ओलावा चालतो, ओघळ चालत नाही. टायरवरून तळहात फिरवा. नक्षी जागोजागी खोलगट झिजली असेल तर चाक उड्या मारत चाललं आहे असं समजा. परदेशी पुस्तकांत ८० हजार किलोमीटरनंतर शॉकअप तपासावेत असं सांगितलेलं असतं. आपल्याकडे किलोमीटरबरोबर पावसाळेही मोजावेत.

आता स्ट्रट म्हणजे काय ते सांगतो, कारण निवडीचा खरा घोळ तिथेच होतो. जुन्या मोटारीत, उदाहरणार्थ आपल्या पद्मिनीत, पुढचं चाक वर-खाली अशा दोन आडव्या दांड्यांनी धरलेलं असे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. शॉकअप बदलला तरी चाकाच्या उभेपणाला धक्का लागत नसे. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियराने १९४७ च्या सुमारास वरची दांडी काढून टाकली आणि शॉकअपलाच जाड, भक्कम करून चाकाचा खांब बनवलं. त्याच्याभोवती स्प्रिंग बसवली आणि डोकं मोटारीच्या अंगाला टेकवलं. फोर्ड कंपनीने १९५० साली इंग्लंडमध्ये कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांना ही रचना दिली. जागा कमी लागते, सुटे भाग कमी लागतात, म्हणून पुढे छोट्या मोटारींनी ती उचलली. भारतात १९८३ साली आलेल्या मारुतीने ती घरोघर पोहोचवली.

आपल्या भागाला हा बदल अगदी जवळून दिसला आहे. प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी तयार होत होती, आणि त्याच कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात, म्हणजे डोंबिवलीजवळ शीळ रस्त्याला, १९९० नंतरच्या दशकात पेजो ३०९ ही स्ट्रटवाली गाडी बांधली जाऊ लागली. तो कारखाना आता नाही. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. शॉकअप मात्र आपल्या शेजारीच, मुलुंडला, १९६१ पासून बनत आले. गेब्रियल कंपनी तिथेच सुरू झाली.

स्ट्रट हा चाकाचा खांब आहे, एवढं ध्यानात ठेवलं की निवडीचे नियम आपोआप सुचतात. खांब डावा-उजवा वेगळा असतो, कारण ब्रेकची नळी अडकवायची पट्टी ज्याच्या त्याच्या बाजूला असते. तेव्हा 'दोन्हीकडे चालतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. एकच बाजू गळत असली तरी जोडीने बदलावा, नाही तर एक पाय तरणा आणि एक म्हातारा अशी गाडीची गत होते. गाडीचं नुसतं नाव सांगून भागत नाही. साल, आणि पेट्रोल की डिझेल, हेही सांगावं लागतं. डिझेलचं इंजिन जड, म्हणून त्याच नावाच्या डिझेल गाडीची पुढची स्प्रिंग आणि स्ट्रट वेगळे असू शकतात. जुन्या स्ट्रटवरचा नंबर पुसून वाचावा, नवीन त्याच नंबरचा मागावा.

ठाणे-कल्याणकडे सीएनजीच्या गाड्या पुष्कळ. डिकीत लोखंडी टाकी म्हणजे एक माणूस कायमचा मागे बसवल्यासारखं आहे, तोही पाय न हलवणारा. कारखान्यातूनच सीएनजी घेऊन येणाऱ्या गाडीचं मागचं सस्पेन्शन त्या वजनाला धरून जुळवलेलं असतं. बाहेरून किट बसवलं तर मागची स्प्रिंग बसते आणि लोक शॉकअपला दोष देतात. तिथे योग्य स्प्रिंग शोधणं हाच उपाय. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे ठोकळे खुपसतात त्याने गाडी उंच दिसते खरी, पण तेवढी वेटोळी निकामी होतात आणि उरलेल्यांवर ताण येतो.

'हेवी' मालाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शॉकअपची घट्टाई स्प्रिंगशी आणि वजनाशी जुळलेली असावी लागते. फार सैल असला तर गाडी डुलते, फार घट्ट असला तर चाकाला खड्ड्यात उतरायलाच वेळ मिळत नाही आणि प्रत्येक खडा अंगावर येतो. रोज ओझं वाहणाऱ्या गाडीला जरा घट्ट माल शोभेल. चौघांना शाळेत नेणाऱ्या गाडीला तिच्या कंपनीने ठरवलेला, किंवा नावाजलेल्या उत्पादकाने त्याच मापाचा केलेला माल पुरे. भोक पाडून तेल भरून पुन्हा जोडलेले जुने स्ट्रट स्वस्त मिळतात. खांबाचं काम त्यांच्यावर सोपवू नये.

बसवताना समोर उभे राहा, मिस्त्रीला राग आला तरी चालेल. दबलेल्या स्प्रिंगमध्ये काही मणांचा जोर कोंडलेला असतो. स्प्रिंग दाबून धरण्याचं हत्यार लावल्याशिवाय वरचा नट सोडला तर ती बंदुकीसारखी सुटते, माणूस जायबंदी होतो, जीवही जातो. हत्यार नसलेल्या गॅरेजात हे काम करूच देऊ नका. नट आवळताना चकचकीत दांडा पक्कडीने धरू देऊ नका. त्यावर पडलेला ओरखडा वर-खाली होताना तेलाचं सील कापतो आणि नवा स्ट्रट महिन्यात गळू लागतो. बसवण्याआधी नवा स्ट्रट उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढावा, आडवा पडून राहिल्याने आत अडकलेली हवा वर निघून जाते. माउंटिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं रबर नवंच घाला, मजुरी एकदाच द्यावी लागते. खालच्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, नाही तर रबर पिळलेलं राहतं. आणि मग अलाइनमेंट, कारण खांब हलला की चाकाचा कोन हललाच.

गुरुजींनी दिवाळीच्या सुट्टीत मागचे दोन शॉकअप घातले, पुढची माउंटिंग बदलली, हवा उतरवली. 'हेवी' स्ट्रट अजून तसेच आहेत, कारण ते काढायला पुन्हा पैसे हवेत. ते झिजतील तेव्हा मूळ नंबरचे घ्यायचे असं ठरलं आहे, आणि नंबर त्यांनी शाळेच्या डायरीत लिहून ठेवला आहे. मागच्या बाकावरच्या बाई आता गोवेलीपर्यंत वह्या तपासतात.